आयसीयूच्या दाराबाहेर लहान मुलंही असतात : कोल्हापुरातल्या रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यात अतिदक्षता विभाग चालवणारे डॉक्टर, तिथले सिस्टर-ब्रदर आणि रुग्णालयांचं व्यवस्थापन यांस,

स. न. वि. वि.

माझ्या मिस्टरांचा जीव तुमच्यापैकीच काही जणांनी वाचवला. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी बाह्या सरसावणार नाही. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. बिलाबद्दल आहे, पण ती सगळ्या गावाचीच आहे, तिला वेगळं पत्र लागेल. मला बोलायचंय ते आयसीयूच्या दाराबाहेर काय चालतं त्याबद्दल, आणि डिस्चार्जच्या कागदावर सही झाल्यानंतरच्या महिन्यांबद्दल. त्या महिन्यांत काय काय होणार हे तुम्हाला ठाऊक असतं, आम्हाला मात्र कुणी सांगत नाही. आणि घरात लहान मुलं असली की हे न सांगणं फार महागात पडतं.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला, मी एका पतसंस्थेत काउंटरवर. मुलगी पहिलीत, मुलगा अजून अंगणवाडीतही न जाणारा. गेल्या पावसाळ्यात हे सुट्टी काढून राधानगरीकडं गावी रोपलावणीला गेले आणि दरवर्षीसारखे अनवाणीच चिखलात उतरले. परत आले ते काही दिवसांत तापानं पडले. पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल. वाटलं, अंग आंबलंय. मग डोळे पिवळे झाले, लघवी आटली आणि एका रात्री खोकल्यातून रक्त आलं. लेप्टो. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांत शिरतात. बऱ्याच जणांना नुसता ताप येऊन जातो, थोड्यांची मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धरतात. त्या थोड्यांत आमचा नंबर लागला. व्हेंटिलेटर, डायलिसिस, पुढं गळ्याला भोक पाडून नळी.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. वेटिंगमध्ये भेटलेल्या गडहिंग्लजच्या, शिरोळच्या, मलकापूरच्या बायकांनी आपापल्या आधीच्या दवाखान्यांतलीही हीच तऱ्हा सांगितली. भेटायची वेळ संध्याकाळी, तीही एकेकाला काही मिनिटं. बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. डॉक्टर नातेवाइकांशी बोलणार सकाळच्या राउंडनंतर, म्हणजे नेमकं कधी ते राउंड संपल्यावरच कळणार. जिला दुपारी शाळा सुटायच्या आत दारात हजर व्हायचंय आणि जिच्या कडेवर एक पोरगं आहे, तिनं ती वेळ कशी गाठायची? मी नसले की माइकवरून बेडचा नंबर पुकारला जायचा आणि भाऊजी आत जायचे. मी असले तरी भाऊजीच आत जायचे, कारण 'घरातलं पुरुष माणूस कोण आहे?' हा प्रश्न आधी यायचा. सही माझी चालायची. माहिती मात्र भाऊजींमार्फत, आणि भाऊजी बिचारे रात्री घरी येऊन सांगणार, 'बरं हाय म्हणाले.' क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चाललीत ते सांगणारा रक्तातला आकडा, किती आहे, ऑक्सिजन किती टक्क्यांवर ठेवलाय, हे मला हवं होतं. मी दिवसभर आकडेच बघते. आकडा ऐकून मी कोसळणार नव्हते.

रोज एक ठरलेली वेळ आणि बोलायला एक ठरलेलं माणूस, एवढं द्या. समोर येणं जमलं नाही तर फोनवर पाच मिनिटं. आणि बोला ते तिच्याशी, जी घरी गेल्यावर त्या माणसाचं सगळं करणार आहे.

भेटीच्या वेळा वाढवल्या की जंतुसंसर्ग वाढतो, असं मला सांगण्यात आलं. ब्राझीलमध्ये 36 आयसीयूंत याची रीतसर चाचणी झाली, 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले. घरच्यांना आधी नीट समजावून सांगून दिवसाला 12 तासांपर्यंत थांबू दिलं. आयसीयूतला जंतुसंसर्ग त्यानं वाढला नाही. रुग्णांचं भ्रमात जाणंही फारसं कमी झालं नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. कमी झाली ती घरच्या माणसांची चिंता आणि नैराश्य. आता आपल्याकडं एका पेशंटमागं गावची जीप भरून माणसं येतात, प्रत्येकाला 'एकदा तोंड बघू द्या' असतं, आणि कधी कधी त्यातलाच कुणी डॉक्टरांच्या अंगावर धावून जातो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळं 12 तास मागत नाही. घरच्या दोन माणसांची नावं लिहून घ्या, त्यांना त्यांच्या सोयीच्या वेळी येऊ द्या. बाकी जीप खाली थांबू दे.

मुलांचं सांगते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पोरांना सांगून टाकलं होतं की पप्पा कामासाठी पुण्याला गेलेत. त्यांचं म्हणणं, लेकरांच्या जिवाला घोर नको. पण मुलगी दुसऱ्याच दिवशी मला म्हणाली, 'गाडी दारातच हाय की. मग पप्पा गेले कशानं?' नंतर तिनं विचारणंच बंद केलं, आणि ते मला जास्त जड गेलं. शाळेतून बाईंचा निरोप आला की डबा तसाच परत येतोय. मग मीच तिला खरं सांगितलं, तिला कळेल तेवढं. तिचा पहिला प्रश्न होता, 'मी येऊ काय बघायला?' आणि त्यावर तुमच्या दारावरची पाटी.

लेप्टो माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. ज्या मुलाला सर्दी-खोकला आहे, त्याला आत नेऊ नये, हे कुठल्याही आईला कळतं. पेशंट फारच वाईट अवस्थेत असेल तर नका येऊ देऊ, तेही समजतं. पण सरसकट वयावर बंदी कशासाठी? ज्यांना वडील दिसत नाहीत, ती मुलं मनात जे चित्र काढतात ते तुमच्या वॉर्डापेक्षा भयंकर असतं. एक सिस्टर पोरीला आत येऊ तर देऊ शकल्या नाहीत, पण मला म्हणाल्या, 'तिचा आवाज रेकॉर्ड करून आणा.' पोरीनं दोनचा पाढा म्हटला, मध्ये चुकली, 'थांबा हां पप्पा' म्हणून परत पहिल्यापासून म्हटला. सिस्टरनी रात्रपाळीला मोबाइल ह्यांच्या कानाशी धरला. त्यांना हे करायला कुठल्या नियमानं सांगितलं नव्हतं. नियमानं सांगावं, असं माझं म्हणणं आहे. सिस्टर बदलली की पाढा बंद, असं नको.

आणि मिशा. तोंडातली नळी चिकटपट्टीनं बसवायची तर मिशा काढाव्या लागतात. काढा, जिवापुढं मिशीचं काय. पण आम्हाला सांगा. ह्यांना लग्नाआधीपासून मिशा, बावड्यात निम्मी ओळख त्यावर. घरी आणलं तेव्हा मुलानं त्या हडकलेल्या, मिशा नसलेल्या माणसाकडं एकदा बघितलं आणि जो आत्याबाईंच्या मागं लपला, तो कितीतरी दिवस खोलीत यायला तयार नव्हता. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आदल्या आठवड्यात एक फोटो, एक व्हिडिओ कॉल दाखवून त्याला तयार करता आलं असतं. कुणाला सुचलं नाही, कारण मुलांचा विचार करायचं कामच कुणाच्या वाट्याला दिलेलं नाही.

आता भ्रमाबद्दल. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला भ्रम होणं हा अपवाद नाही, ते नेहमीचं आहे, असं आता मला कळलंय. तेव्हा मला वाटलं होतं, डोक्यावर परिणाम झाला. झोपेचं औषध उतरायला लागलं आणि पुढं गळ्याच्या नळीवर टोपी बसवून बोलता यायला लागलं, तशी ह्यांनी एकच विचारणा लावली : 'पाणी किती फुटावर हाय?' बावड्यातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगायला नको. पंचगंगेची पातळी जिथं मोजतात तो राजाराम बंधारा आमच्या उशाला. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 चा पूर ज्यानं पाहिलाय तो पावसाळ्यात झोपेतसुद्धा हे आकडे मोजतो. हे समोरच्या मॉनिटरवर 94, 96 असे आकडे बघायचे आणि घाबरून उठू पाहायचे. 'पोरास्नी वर न्या, पाणी चढलंय.' मग नळ्या ओढतात म्हणून हात बांधले गेले, आणि हात बांधल्यावर पुरात अडकलोय याची त्यांची खात्रीच पटली. 'हा मॉनिटर आहे, यात तुमच्या ऑक्सिजनचा आकडा आहे, पंचगंगा पात्रात आहे' हे तासातासाला शांतपणे सांगणारं घरचं माणूस जवळ असतं तर? दोरी लागलीच नसती असं नाही म्हणत. कमी लागली असती.

ही गोष्ट आयसीयूतच संपत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. घरी आल्यावरही बरेच दिवस ह्यांच्या मते वॉर्डात पाणी शिरलं होतं आणि आम्ही ते लपवतोय. त्यांनी हे पोरीला सांगितलं. मग जोराचा पाऊस आला की ती दप्तर उचलून माळ्याकडं बघायची. माझ्याजवळ एक वही होती, तिच्या बालवाडीतली निम्मी कोरी राहिलेली. वेटिंगमध्ये बसून त्यात मी रोजचं लिहायचे : आज डायलिसिस झालं, आज डोळे उघडले, आज सिस्टरनी दाढी केली. काही ठरवून नव्हे, हिशेबाची सवय म्हणून. पुढं ती वही ह्यांनी मागून घेतली आणि बोट ठेवून वाचली. कुठल्या तारखेला पाऊस होता, कुठल्या तारखेला हात सोडले, हे बघत बघत त्यांचं पाणी उतरलं. युरोपातल्या अनेक आयसीयूंत अशी वही सिस्टरच ठेवतात आणि जाताना पेशंटला देतात. तुमच्या सिस्टरना आधीच श्वास घ्यायला वेळ नाही, तेव्हा त्यांच्या माथी हे मारू नका. वही घरच्यांना द्या, लिहायला सांगा. आम्ही तसेही तिथं बसून भिंतीच बघत असतो.

डिस्चार्ज तर घाईत झाला. सकाळी कळलं, दुपारी बेड रिकामा हवा. मी एका हातात औषधांची चिठ्ठी घेऊन बिलाच्या रांगेत, आणि तिथंच एक मुलगी येऊन नाकातल्या नळीतून पेज कशी घालायची ते तोंडी सांगून गेली. डोकं किती उंच ठेवायचं, ठसका लागला तर काय, नळी जागेवर आहे हे कसं ओळखायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून किती तासांनी कूस बदलायची, हे सगळं रांगेत. त्यापेक्षा आधीचे दोन-तीन दिवस माझ्याकडूनच करून घ्या ना, तुमच्यासमोर. आणि घर कसं आहे ते विचारा. आमच्याकडं भारतीय पद्धतीचा संडास आहे. उकिडवं बसून उठता न येणाऱ्या माणसाला घरी पाठवताना कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, एवढं वाक्य कुणी बोललं असतं तरी पहिल्याच सकाळची त्यांची आणि माझी फजिती टळली असती.

ज्या माणसानं साच्यांचे बॉक्स उचलले, त्याला पाण्यानं भरलेला तांब्या उचलेना. मी घाबरले, वाटलं आणखी काही आजार आहे. लंडनमधल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयसीयूतल्या पहिल्या 10 दिवसांतच मांडीचा एक मोठा स्नायू सरासरी जवळपास 18 टक्के रोडावलेला मोजलाय. म्हणजे हे व्हायचंच होतं. ही अशक्ती, विसराळूपणा, चिडचिड, झोप उडणं, या सगळ्याला मिळून पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात, आणि 2012 पासून वैद्यकाच्या नियतकालिकांत ते नाव आहे. त्यात घरच्या माणसांना होणारा त्रासही वेगळा नोंदवलाय. मला हे एका फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, तेही डिस्चार्ज होऊन बरेच दिवस झाल्यावर. तोपर्यंत कुकरची शिट्टी झाली की हे कानावर हात ठेवून ओरडायचे, पोरं आवाज करायची म्हणून पोरांवर ओरडायचे, आणि मी पोरांना सांगायचे की पप्पा रागावलेत. पप्पा रागावलेले नव्हते. तो आवाज त्यांना मशीनच्या अलार्मसारखा वाटायचा.

नातेवाइकांचं तर विचारू नका. 'घरी आला न्हवं, मग बरा झाला की.' एक मावशी डबा भरून पांढरा रस्सा घेऊन आल्या, सोबत तांबडाही, म्हणे हे पोटात गेलं की उठून बसतोय बघ. नुकतं डायलिसिस थांबलेल्या माणसाला! दारातून रस्सा परत पाठवणं म्हणजे काय, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. माझ्या हातात आहाराचा तुमचा कागद होता, पण तो इंग्रजीत, आणि त्यात ओट्स आणि ब्रोकोली. भाकरी किती, मीठ किती, शेंगदाण्याची चटणी चालेल का, रस्सा कधीपासून, असं लिहिलेला कागद असता तर मी मावशींच्या हातात तोच ठेवला असता. डॉक्टरांनी लिहिलंय म्हटल्यावर आपल्याकडं माणसं ऐकतात. सुनेनं सांगितलं की ऐकत नाहीत.

ब्रिटनमध्ये 2009 पासून लेखी सूचना आहेत की आयसीयूतून बाहेर पडल्यावर दोन-तीन महिन्यांनी माणसाला पुन्हा बोलवून तपासायचं : चालतो कसा, झोपतो का, आठवतं का, मनात काय आहे. आमचा फॉलो-अप म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवायचा, 'छान आहे' ऐकायचं आणि पुढचा पेशंट. क्रिएटिनिन खरंच छान होतं. हे मात्र किराणा आणताना सुट्या पैशांचा हिशेब चुकवून रडवेले होऊन परत आले होते, ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, मोठा आधार आहे तो. पण त्याचं पॅकेज रुग्णालयातल्या उपचारांचं. घरी महिनोन्‌महिने लागणारा फिजिओथेरपिस्ट आम्ही खिशातूनच देतोय. ते सरकारचं झालं, तुमच्या हातात नाही. निदान घरी करायचे व्यायाम कुणीतरी बसून शिकवावेत.

नोकरीचंही तुमच्या एका कागदावर अडतं. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, आजारपणाचा भत्ता मिळतो पगाराच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. ते संपत आले की माणूस तुमच्याकडं सर्टिफिकेट मागायला येतो, आणि तुम्ही लिहिता 'फिट' किंवा 'अनफिट'. फिट लिहिलं की दुसऱ्या दिवशी भट्टीजवळ उभं राहायचं. अनफिट लिहिलं की पगार नाही. मधलं काही लिहाल का? पहिले दोन महिने अर्धी पाळी, वजन उचलायचं नाही, उष्णतेपासून लांब. कंपनीनं ते मानलंच पाहिजे असं नाही, पण ह्यांच्या सुपरवायझरनं मला स्वतः सांगितलं, 'वहिनी, कागदावर असलं की मला वर दाखवता येतं.'

व्यवस्थापनाकडं एक मागणं वेगळं आहे. वेटिंगच्या मजल्यावर एक खोली द्या. दार असलेली, जमिनीवर सतरंजी असलेली, जिथं पोराला झोपवता येईल, अंगावर पाजता येईल, डबा खाता येईल. आता तालुक्यांतून आलेल्या बायका जिन्याखाली पोरांना निजवतात आणि साफसफाईच्या मावशी त्यांना न उठवता भोवतीनं फरशी पुसतात. (त्या मावशींना पगार किती मिळतो ते एकदा विचारून बघा.) या गावात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग शाहू महाराजांच्या पाठबळावर एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, कारण बाहेरगावच्या पोराला राहायला जागा नसेल तर शाळा काढून उपयोग नाही, हे त्यांना दिसलं होतं. तुम्ही तर हृदयाच्या तपासणी-उपचारांच्या कार्डिॲक कॅथ लॅब उभ्या केल्यात. एक खोली जड नाही.

माझ्याबद्दल एवढंच, की मला कुणी कधी विचारलं नाही, तुम्ही झोपता का. मी झोपत नव्हते. अजूनही रात्री उठून ह्यांचा श्वास चालू आहे ना ते बघते. विचारण्यासाठी वेगळा डॉक्टर लागत नाही, फॉलो-अपला सोबत आलेल्या बाईकडं मान वळवावी लागते.

आता मी काय करणार ते सांगते. घरी नेताना लागणाऱ्या गोष्टींचा एक पानी मराठी कागद मी लिहून काढलाय : नळी, कूस, संडास, आहार, व्यायाम, भ्रम राहिला तर काय, मुलांना काय सांगायचं, कशाकशासाठी लगेच फोन करायचा. त्यातलं वैद्यकीय मी ठरवू शकत नाही, ते तुमच्यापैकी कुणीतरी तपासून, खोडून, दुरुस्त करून द्यायला हवं. आमच्या पतसंस्थेतल्या मैत्रिणींनी छपाईचा खर्च उचलायचं कबूल केलंय, आणि लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसवाल्यानं कागदाच्या दरात छापून देतो म्हटलंय. पुढच्या फॉलो-अपला येताना मसुदा फाइलमध्ये घेऊन येते. कुणाकडं द्यायचा आणि प्रती किती लागतील, तेवढं त्या दिवशी सांगा.

आपली,
कसबा बावड्यातली एक पेशंटची बायको